ताईच्या पेशी

घरात ताईला सगळेच ताई म्हणत, अगदी आई-बाबासुद्धा. धाकटीने बोलायला लागल्यावर जी पहिली हाक मारली, तीच सगळ्यांच्या तोंडी बसली. तिचं खरं नाव फक्त गुणपत्रिकेवर उरलं. धाकटी म्हणजे बटण. बाबांची लाँड्री होती, आणि ही जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती, की तिला पहिल्यांदा हातात घेऊन बाबा म्हणाले, "अरे, एवढी तर माझ्या डब्यात बटणं पडलेली असतात." झालं, बारसंच झालं.

ताईचा वेंधळेपणा हा त्या घरातला हक्काचा करमणुकीचा विषय होता. ती दुसऱ्याचं दप्तर घेऊन घरी आली होती, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून ती दिवसभर शाळेत हिंडली होती, संध्याकाळी आईने दाखवल्यावर म्हणाली, "तरीच मुली सारख्या खाली बघत होत्या." एकदा तर बाबांनी तिला पत्र टाकायला पाठवलं, तेव्हा ती पत्र घेऊन परत आली आणि घराची किल्ली टपालपेटीत टाकून आली. पेटी उघडायला पोस्टमन येईपर्यंत चौघं लाँड्रीत, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून राहिली.

आई शहरात बस चालवायची. दिवसभर लोकांवर ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता, की घरातही ती "ताई, जेवायला ये" असं न म्हणता "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणायची, आणि पोरी ताटांवर येऊन बसायच्या.

बटण पाच वर्षांची असताना हे हसतं-खेळतं घर एकाएकी गप्प झालं. तिचा ताप उतरेना, काही न लागताच अंगावर निळे डाग उठायला लागले. रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी तो हटला आणि वर्षभराने परत आला. तेव्हा रक्ताच्या डॉक्टरांनी आई-बाबांना समोर बसवून सांगितलं, की आता मूळ पेशींचं प्रत्यारोपण करायचं. हाडांच्या आत रक्त तयार करणारा जो कारखाना असतो, तो पुरता बिघडलाय. तो कडक औषधांनी आणि किरणांनी पार रिकामा करायचा आणि तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी पेशी सोडायच्या. त्या आपली जागा आपण शोधतात आणि कामाला लागतात.

दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, याचा शोध फार लांब गेला नाही. आई अर्धीच जुळली, बाबाही अर्धेच जुळले. ताई शंभर टक्के जुळली.

तेव्हा ताई दहा वर्षांची होती. तिला झोपेचं औषध देऊन कमरेच्या हाडातून पेशी काढल्या. जागी झाल्यावर तिला दोनच गोष्टी कळत होत्या: कमरेत कुणीतरी लाथ घातल्यासारखं दुखतंय, आणि आपण काहीतरी जबरदस्त केलंय. तिच्या पेशींची पिशवी बटणच्या खोलीत टांगली गेली. काचेपलीकडून ताईने ती पाहिली आणि म्हणाली, "टोमॅटोच्या सुपासारखी दिसते." काचेच्या आतून डोक्यावर एक केस नसलेली बटण ओरडली, "मग मीठ घालून द्या!"

पेशींनी काम चोख केलं. अठराव्या दिवशी रक्तातले आकडे वर सरकायला लागले. चाळिसाव्या दिवशी बटण खोलीबाहेर आली. काही महिन्यांनी आणखी एक नवल घडलं. बटणचा रक्तगट बदलला. आधी बी होता, आता ओ झाला. ओ म्हणजे ताईचा. डॉक्टर म्हणाले, असं होतंच, रक्त आता ताईच्या पेशी बनवतात ना! पण ताईला ते ऐकून आपण एका फुटाने उंच झाल्यासारखं वाटलं. भेटेल त्याला ती सांगत सुटली, "बटणमध्ये माझं रक्त आहे." जणू काही बटण आता तिच्या नावावर झाली होती. आईने तर तिच्या बसमधल्या रोजच्या प्रवाशांना बातमी दिली, आणि एका आजोबांनी उठून चालत्या बसमध्ये टाळ्या वाजवल्या. आईने त्यांना आरशातून दटावलं, "आधी दांडा धरा, मग टाळ्या वाजवा."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. बटणचे केस परत आले, आधी सरळ होते ते आता कुरळे. वजन वाढलं. ती चौथीत गेली. तपासण्या सगळ्या चांगल्या येत होत्या. घराने सुस्कारा सोडला.

आणि मग हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा चालीने, बटण मागे पडायला लागली.

फळ्यावरचं अर्धं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसायच्या. पाढा काल यायचा, आज यायचा नाही. पेपरात जेवढं लिहिलं तेवढं बरोबर असायचं, पण अर्धा पेपर कोराच. शाळेतून आली की दप्तर न काढताच खुर्चीत बसायची आणि तशीच डुलक्या घ्यायची. वर्गशिक्षिकांनी वहीत लाल शाईने लिहून पाठवलं: "मुलगी हुशार आहे, पण आळशी आहे. सारखी तंद्रीत असते. घरी लक्ष द्यावे."

बाबांनी तो शेरा वाचला आणि वही मिटली. "आळशी तर आळशी," ते म्हणाले. "समोर बसलीय, जेवतेय, हसतेय. आणखी काय हवंय आपल्याला?" आईचंही तेच मत होतं. मरणाच्या दारातून परत आलेल्या पोरीला पाढ्यांवरून बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं.

एका रविवारी बाबांनी इस्त्री करता करता बटणला सांगितलं, "वर जा, कपाटातली कात्री आण, आईला म्हणावं डॉक्टरांचा फोन आला होता, आणि येताना निळा शर्ट घेऊन ये." बटण जिना चढून गेली. पाच मिनिटांनी परत आली ती हातात एक रिकामा हँगर घेऊन.

"हे काय?" बाबा म्हणाले.

बटणने हँगरकडे पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर असा झाला, जसा अनोळखी स्टॉपवर उतरलेल्या माणसाचा होतो. मग ती हसली आणि म्हणाली, "मी काय करू? माझ्यात ताईच्या पेशी आहेत. विसरणारच ना!"

बाबा इतके हसले की त्यांना इस्त्री उभी करून ठेवावी लागली. वरून आई उतरून आली, तीही हसली. ताईसुद्धा हसली. पण हसता हसता ती मध्येच थांबली.

कारण हे खरं असलं तर?

ताईने विचार केला आणि जितका विचार केला तितकं ते पटत गेलं. रक्तगट माझा गेला, मग वेंधळेपणा का जाणार नाही? बटण पूर्वी अशी नव्हती. चार वर्षांची असताना तिला सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे तोंडपाठ होते. कोणती पट्ट्यांची चादर कुणाची हे बाबांना तीच सांगायची. मग पेशी बदलल्या, आणि आता हँगर. पुरावा आणखी कसला हवा? आपण बहिणीचा जीव वाचवला खरा, पण सोबत आपलं खुळं डोकंही तिच्या अंगात भरलं. त्या दिवशी तिने जेवणात दोन घास कमी खाल्ले, आणि आईने विचारल्यावर दात दुखतोय म्हणून सांगितलं.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मग ताईने आपल्या पद्धतीने इलाज सुरू केला.

इलाज दुहेरी होता. पहिला भाग असा, की मूळ दुकान सुधारलं तर शाखाही सुधारेल. ताईच्या डोक्याला वळण लागलं, तर बटणमधल्या पेशींनाही कधी ना कधी ते कळेलच. तिने आईच्या बसच्या मार्गावरचे चौतीस स्टॉप पाठ करायला घेतले. सकाळी दात घासताना ती तोंडात फेस घेऊन म्हणायची, "बाग, पाण्याची टाकी, न्यायालय, जुना पूल..." आईला आधी कौतुक वाटलं, मग काळजी वाटायला लागली. "हिला ड्रायव्हर व्हायचंय की काय?" ती बाबांना म्हणाली. पंधरा दिवसांत ताईचे स्टॉप जाताना-येताना दोन्हीकडून पाठ झाले. बटणमध्ये काहीही फरक पडला नाही.

दुसरा भाग सोपा होता. ताई बटणचा अभ्यास स्वतःच करायला लागली. तिचं दप्तर भरायची, वह्या पूर्ण करायची, बटणसारखं गोल-गोल, किंचित डावीकडे कललेलं अक्षर काढून निबंध लिहायची. बटण आधी "अगं, मी करते" म्हणायची. मग दमलेली असली की नुसती बघत बसायची. एकदा म्हणाली, "ताई, तूच माझी परीक्षा पण देशील का?" हे तिने गमतीने विचारलं नव्हतं.

हे प्रकरण महिनाभर चाललं आणि मग वर्गशिक्षिकांनी आईला शाळेत बोलावून घेतलं. आई दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, गणवेशातच, गळ्यात ओळखपत्र लोंबत असताना शाळेत जाऊन पोचली. ताईलाही तिच्या वर्गातून बोलावलं होतं. बाईंनी बटणची निबंधाची वही उघडली.

"अक्षर सुरेख जमलंय," बाई ताईकडे बघत म्हणाल्या. "पण 'प्रयत्न' हा शब्द 'प्रयन्त' असा लिहिणारी एकच मुलगी या शाळेत आजवर माझ्या हाताखालून गेली. चार वर्षांपूर्वी. तुला तीनशे वेळा लिहायला लावला होता. आठवतं?"

ताईला आठवत होतं. तीनशेही वेळा तो 'प्रयन्त'च लिहिला होता.

आईला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. बाईच पुढे म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता, "मला एक सांगा. मी तिला आळशी म्हटलं. पण ताई लिहून द्यायला लागल्यापासून मी बटणकडे जरा नीट बघितलं. ती प्रयत्न करत नाही असं नाहीये. ती इतका प्रयत्न करते की दुपारपर्यंत तिचा जीव दमून जातो. काहीतरी वेगळं आहे. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ताप, भूक, वजन, खोकला, सगळं विचारलं होतं. पाढ्यांबद्दल रक्ताच्या डॉक्टरांना काय विचारायचं?

पुढच्या तपासणीला आईने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही आधीच सांगायला हवं होतं. नाही, चुकलो, हे मी आधीच विचारायला हवं होतं." त्यांनी लगेच एक चिठ्ठी लिहून त्याच इमारतीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. लहान मुलांच्या डोक्याचं काम कसं चाललंय ते तपासणं हेच त्यांचं काम होतं. त्यांच्या कपाटात लाल-पांढरे ठोकळे होते, चित्रांचे पत्ते होते, स्टॉपवॉच होतं. बटणने पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचं नाव ठोकळेवाल्या मॅडम ठेवलं, आणि मॅडमना ते आवडलं.

तपासणी दोन सकाळी चालली. बटणला ठोकळे जुळवायला दिले, शब्दांचे अर्थ विचारले, आकडे ऐकवून उलटे म्हणायला लावले, चौकटींतली सारखी चिन्हं शोधायला लावली. मध्येमध्ये बिस्किटं खायला सुट्टी होती. ताई दोन्ही दिवस हट्टाने सोबत आली आणि बाहेरच्या बाकावर नखं कुरतडत बसली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी दार उघडून आईला आत बोलावलं, तेव्हा ताईही आत घुसली, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली,

"माझ्या पेशी परत काढून घेता येतील का?"

आई म्हणाली, "काय?"

मग ताईचा बांधच फुटला. रक्तगट, हँगर, टपालपेटी, चौतीस स्टॉप, मूळ दुकान आणि शाखा, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी रडत म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या तरी घाला. हुशार माणसाच्या. माझ्या नकोत."

आईचं तोंड उघडं राहिलं. महिनाभर पोरगी हे ओझं एकटी वागवत होती आणि आपल्याला वाटलं, दात दुखतोय. तिने ताईला जवळ ओढलं. बटण आपल्या खुर्चीवरून उठली, ताईसमोर जाऊन उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी देणार नाही. दिल्यात त्या दिल्यात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून ताईच्या समोर घेतली. "तुझा तर्क अगदी बिनचूक आहे," त्या म्हणाल्या. "फक्त पत्ता चुकलाय. तुझ्या पेशी हाडांत राहतात आणि रक्त बनवतात. आठवणी, विचार, लक्ष, हे सगळं डोक्यात राहतं. तुझ्या पेशी त्या गावाला जात नाहीत."

"मग बटण विसरते कशी?"

"तिच्या हाडांतल्या आजारी पेशी घालवायला आधी फार कडक औषधं दिली होती, किरणं दिली होती. ती दिली नसती तर तुझ्या पेशींना बसायला जागाच नव्हती. त्यांनी आजार घालवला, पण जाता जाता मेंदूलाही थकवलं. त्यात ती किती महिने शाळेबाहेर होती. तुझ्यासारख्या बहिणीमुळे ती आज इथे बसून माझी सगळी बिस्किटं संपवतेय, एवढाच तुझा यातला हात."

मग त्यांनी आईकडे वळून निकाल सांगितला. बटणची समज उत्तम. शब्द तर तिच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे. ठोकळ्यांत शंभर मुलांतून पहिल्या दहांत येईल. पण दोन गोष्टी मंदावल्यात. काम करण्याचा वेग, आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरून ठेवणं. वर थकवा.

आई म्हणाली, "म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, रस्ताही माहीत आहे, फक्त वाटेत सिग्नल जास्त लागतात."

"बाई, हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार," मॅडम म्हणाल्या.

"जाईल हे?"

"थोडं सुधारेल, थोडं तसंच राहील, आणि ते किती हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दरवर्षी परत बघू. पण सिग्नल जास्त असलेल्या गाडीला पोचायला जास्त वेळ दिला तर ती पोचते. आपण वेळापत्रक बदलू."

निघताना ताई दारात रेंगाळली. "माझं पण बघाल? नक्की करण्यासाठी."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. "नुसता खेळ म्हणून हं," त्या म्हणाल्या, आणि आकडे म्हणायला लागल्या. ताईने चार आकडे उलटे म्हटले, पाच म्हटले, सहा म्हटले, सात म्हटले. मॅडमच्या भुवया वर जात राहिल्या. "हिची आठवण तर चांगलीच तल्लख आहे," त्या आईला म्हणाल्या. "ही फक्त ती वापरत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं हे सोंग होतं?" आई इतक्या जोरात म्हणाली, की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून उभे राहिले. बटण खाली बसून पोट धरून हसली. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. वेंधळेपणाची सबब हातातून गेल्याचं दुःख एवढ्या आनंदाने सहन केलेली ती बहुधा पहिलीच मुलगी असेल.

मॅडमचं पत्र शाळेत गेलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. वर्गात पुढे बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, फळ्यावरचा मजकूर छापून देणं, दुपारी वीस मिनिटं विश्रांती, हे त्यांना मान्य होतं. परीक्षेत अर्धा तास जास्त म्हटल्यावर मात्र ते खुर्चीत मागे रेलले. "एकीला दिला की उद्या सगळे मागतील."

वर्गशिक्षिका हात बांधून उभ्या होत्या. "ज्याला दिसत नाही त्याला आपण चष्मा लावू देतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा बाकीचे चष्मा मागत नाहीत, सर. आणि तो अर्धा तास मी थांबेन. तुम्हाला थांबावं लागणार नाही." या शेवटच्या वाक्याने काम केलं की पहिल्या, ते कुणाला कळलं नाही, पण सरांनी सही केली.

घरात ताईला सक्त ताकीद मिळाली: बटणच्या वहीला हात लावायचा नाही. हे चौतीस स्टॉपपेक्षा कितीतरी अवघड होतं. बटण गणित करताना पेन्सिल हवेत धरून बसली, की ताईचे हात शिवशिवायचे. ती स्वतःच्या हातांवर बसायची. बटण हळूच तिच्याकडे बघून म्हणायची, "श्वास घे, ताई. मी करतेय." आणि करायची. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा, कधी चुकीचं. पण स्वतः करायची. बाबा आता एका वेळी एकच काम सांगायचे. कात्री आली की मग शर्ट. त्यांना उशिरा लक्षात आलं की गिऱ्हाइकांशीही असं वागलं तर भांडणं कमी होतात.

सहामाहीचा शेवटचा पेपर विज्ञानाचा होता. ताईचा पेपर सकाळीच झाला होता. ती बटणच्या वर्गाबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. घंटा झाली, मुलं भराभरा बाहेर आली, एकमेकांना उत्तरं विचारत, उड्या मारत जिना उतरून गेली. मजला रिकामा झाला. दारातून ताईला बटण दिसत होती. चाळीस रिकाम्या बाकांच्या पुढे, पहिल्याच बाकावर एकटी, मान कागदात घातलेली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. बाई टेबलाशी वह्या तपासत होत्या आणि मुद्दामच वर बघत नव्हत्या.

शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. "काय गं, अजून कोण आहे आत?"

"माझी बहीण. तिला अर्धा तास जास्त आहे."

"का बरं?"

ताईने जरा विचार केला. "तिच्या वाटेत सिग्नल जास्त आहेत," ती म्हणाली. मामांना काही कळलं नाही, पण ते किल्ल्या मुठीत दाबून, आवाज न करता, तिच्या शेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने खालून धापा टाकत आई आली. तिच्याकडे पुढच्या फेरीपर्यंत बावीस मिनिटं होती. तिने खुणेने विचारलं. ताईने खुणेने सांगितलं. तिघं ओळीने बसून राहिली.

मग आत बाक सरकल्याचा आवाज झाला. बटण उठली, कागद बाईंच्या हातात दिले, बाईंनी ते उलटून पाहिले, शेवटचं पान पाहिलं आणि तिच्या कुरळ्या केसांवर हात ठेवला. बटण दाराकडे चालत आली, उंबऱ्यात थांबली आणि या तिघांना बघून डोळे मोठे केले.

"संपवला," ती म्हणाली. आपलाच आपल्यावर विश्वास नसल्यासारखं तिने परत म्हटलं, "मी अख्खा पेपर संपवला. शेवटचा प्रश्नसुद्धा. शेवटच्या प्रश्नात बेडकाचं चित्र काढायचं असतं, मला माहीतच नव्हतं! मी तिथपर्यंत कधी गेलेच नव्हते!"

आई उठली आणि आपल्या बसच्या आवाजात ओरडली, "शाब्बास!" तो आवाज तीन मजल्यांवर घुमला. मुख्याध्यापक खोलीतून बाहेर आले. शिपाईमामांनी इतका वेळ दाबून ठेवलेला जुडगा खळाखळा वाजवला. ताई बटणला उचलायला गेली, बटण आता तिला उचलण्याइतकी हलकी राहिली नव्हती, आणि दोघी मिळून व्हरांड्यात फतकल मारून बसल्या. बटण तिच्या कानात बेडूक कसा काढला ते सांगत राहिली. मागचे पाय जरा मोठे झाले होते, पण उडी मारायची म्हटल्यावर तेवढे लागतातच, असं तिचं म्हणणं होतं.

पन्नासपैकी बत्तीस गुण मिळाले. बाबांनी उत्तरपत्रिका वाफेच्या इस्त्रीखाली घालून सपाट केली आणि लाँड्रीच्या भिंतीवर लावली. गिऱ्हाइकं विचारायची, "बत्तीसच?" बाबा म्हणायचे, "नीट वाचा. सगळे प्रश्न सोडवलेत." नंतरच्या परीक्षांत कधी बत्तीसचे सदतीस झाले, कधी अठ्ठावीस. दुपारी बटण अजूनही दमायची. एखाद्या दिवशी पाढा अजूनही निसटून जायचा, मग ती चिडायची, पेन्सिल फेकायची, आणि अर्ध्या तासाने शोधून आणायची.

वार्षिक परीक्षेच्या वेळी ताई तिला सोडायला गेली, तेव्हा जादा वेळ मिळालेली त्या वर्गात बटण एकटीच नव्हती. बाईंनी वर्षभर डोळे उघडे ठेवले होते, आणि मुख्याध्यापकांनी आणखी दोन पत्रांवर सही केली होती. एक मुलगी होती जिला अक्षरं उलटसुलट दिसायची. दुसरी नुकतीच लांबलेल्या आजारातून उठून शाळेत आली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, इतकी घाबरलेली की तिने पेन नुसतंच घट्ट धरून ठेवलं होतं.

पेपर वाटायला अजून अवकाश होता. बटण आपल्या बाकावरून वळून दोघींना समजावत होती.

"हे बघा, घाई करायची नाही. घंटा वाजली तरी उठायचं नाही, ती आपली नसते. दमलात तर डोकं खाली ठेवायचं, बाई रागावत नाहीत, मी विचारून ठेवलंय. आणि शेवटच्या पानापर्यंत जायचं. तिथे चित्रं असतात."

रुमालवाल्या मुलीने हळूच विचारलं, "आणि काही आठवलंच नाही तर?"

"मग पुढचा प्रश्न घ्यायचा," बटण म्हणाली. "आठवण मागून येते. बूट घालायला वेळ लागतो तिला."

बाहेर ताईला इतकं हसू फुटलं की तिने तोंडावर हात दाबला, तरी ते निसटलंच. बाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि इथे परीक्षा सुरू होतेय हे तिला खुणेनेच सुनावून दार लावून घेतलं.